एका संगणकात दोन कप्पे

डीएनए व प्रथिने यांच्या क्रमांचा अभ्यास करताना आम्ही ‘बायोपायथॉन’ हा आज्ञावलींचा संच वापरतो. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची १.७८ ही आवृत्ती आली. तीतून ‘अल्फाबेट’ हा जुना भाग वगळण्यात आला आणि त्यावर विसंबलेल्या आज्ञावली नव्या आवृत्तीवर चालेनात. नवी आवृत्ती बसवावी तर जुने काम अडते, न बसवावी तर नवे.

यावर उपाय म्हणजे अलग आभासी परिसर. हा काही दुसरा संगणक नव्हे. डिस्कवरचा स्वतंत्र कप्पाच तो. पायथॉन भाषेत ३.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, तो तयार करण्याची सोय आहे. एका कप्प्यात १.७७ बसवायची, दुसऱ्यात १.७८. जो कप्पा चालू करू, त्यातलेच संच आज्ञावलीला मिळतात. ही सोय पायथॉनच्या संचांपुरतीच असते. ‘ब्लास्ट’सारखी इतर भाषांत लिहिलेली साधनेही कप्प्यात हवी असतील, तर ‘कोंडा’ वापरतात.

कप्प्यातील प्रत्येक संचाची आवृत्ती नोंदवून ती यादी निष्कर्षासोबत ठेवावी. प्रयोगवहीत आपण ‘साहित्य’ लिहायला लावतो ते कशासाठी? दुसऱ्या कोणालाही तोच प्रयोग करून आपले उत्तर पडताळता यावे, यासाठीच ना!