कुदळ घेताना आधी दांडा बघा

मे महिना लागला की आठवडी बाजारात लोहारापुढे गर्दी होते. शेतकरी जुनी कुदळ पाजवून घ्यायला येतात, परसबागेची हौस असलेली आपल्यासारखी माणसं नवी विकत घ्यायला. आपण पातं किती चकाकतं ते बघतो. शेतकरी आधी दांडा बघतो, आणि त्याचंच बरोबर आहे.

दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा असावा. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत; त्या मध्येच आडव्या सुटल्या असतील किंवा गाठ असेल, तर दांडा नेमका तिथेच मोडतो. टिकावाचा दांडा एका टोकाला जाड असतो. तो वरून ओवतात आणि जाड टोक नेढ्यात अडकतं, म्हणून प्रत्येक घावाला टिकाव अधिकच घट्ट बसतो. कुदळीला पाचर ठोकलेली असेल तर ती हलते का, हे बघून घ्या. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं. कामाच्या आदल्या रात्री ते टोक पाण्यात बुडवून ठेवलं की फुगून बसतं. सैल कुदळ कधीही उगारू नका. पातं निसटलं तर समोरच्याचा जीव जाईल.

खणायला कुदळ, मुरूम लागला की टिकाव, कोकणातल्या जांभ्यात पहार. फावडं माती ओढायला आणि घमेल्यात भरायला. फावड्याने कडक जमीन खणू पाहणाऱ्याचं पातं दुमडतं आणि कंबरही जाते. कुंड्यांपुरतं काम असेल तर खुरपं पुरे.

हत्यार चांगलं असूनही वेळ चुकली की झाड जातं, हे मी लिंबाचं एक रोप घालवून शिकलो. जुलैत, भर पावसात, काळ्या मातीत खड्डा घेतला होता. ओल्या चिकण मातीवर पातं घासलं की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. पाणी मुरत नाही, मुळं बाहेर शिरत नाहीत. चार दिवस पाणी साचून राहिलं आणि रोप पिवळं पडलं. आता पाऊस उघडून वाफसा आल्याशिवाय मी काळ्या मातीला हात लावत नाही, आणि भिंती कुदळीच्या टोकाने खरवडून घेतो.

लिंबाला दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा चालतो. आंब्याला एक मीटरचा घ्या. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका, कारण कस वरच्या मातीत असतो. भरताना तीच शेणखतात मिसळून मुळांपाशी घाला. खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या.

जूनमध्ये झाड लावायचं मनात असेल, तर खड्डा मे महिन्यातच घेऊन ठेवा.