नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी दोन डेटासेट जोडताना मी एक चूक केली. नमुन्यांची नावं सारखी दिसली, म्हणून नमुनेही तेच धरले. तीन आठवड्यांचं काम वाया गेलं. चूक नेमकी कुठे झाली, हे मला नीट कळलं ते एका भलत्याच विषयातून: इंग्लंडमधल्या साध्या कुटुंबांच्या वंशावळीतून.

राजघराण्यांची वंशावळ लिहून ठेवलेली असते. शेतमजुराची किंवा विणकराची नसते. ती सुट्या कागदांमधून जोडावी लागते, आणि तीही आजपासून एकेक पिढी मागे जात.

सुरुवात त्या मानाने सोपी. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. १८५१ च्या जनगणनेत वय, कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव मिळतं. १८४१ ची जनगणना मात्र जपून वापरायची. तिच्यात नातं दिलेलं नाही, आणि मोठ्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचच्या पटीत खाली उतरवली आहेत. तिथलं '३०' म्हणजे ३० ते ३४ काहीही असू शकतं.

त्याच्या मागे गेलात की आधार चर्चच्या रजिस्टरांचा. ती ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. पण त्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदलेलं असतं. जन्म आणि मृत्यू नव्हे.

आता खरी परीक्षा. समजा, १८५१ मध्ये ५० वर्षांचा एक जॉन आहे. त्याच्या जन्मगावच्या रजिस्टरात १८०१ चा एका जॉनचा बाप्तिस्मा सापडला. झालं काम? थांबा. आधी दफनाच्या नोंदी बघा. तो जॉन दोन वर्षांचा असतानाच गेला असेल तर? त्या काळी मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवणं नवलाचं नव्हतं. गावात त्याच नावाचा चुलतभाऊ असेल तर? न तपासता पुढे गेलात, तर त्यावरची सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत दुसऱ्याच कुटुंबाची.

तारखाही फसवतात. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे एप्रिल १७२० मध्ये बाप्तिस्मा आणि फेब्रुवारी १७२० मध्ये दफन, यात चूक काहीच नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२१ चा.

आता थोडं गणित. प्रत्येक दुवा ९० टक्के खात्रीचा आहे आणि असे सहा दुवे आहेत असं धरा. ०.९ चा सहावा घात म्हणजे साधारण ०.५३. एकेक दुवा भक्कम वाटतो, पण अख्खी साखळी बरोबर असण्याची शक्यता जेमतेम निम्मी!

म्हणून चांगला वंशावळकार 'सापडला' म्हणून थांबत नाही. त्याच नावाचे बाकीचे उमेदवार शोधतो आणि ते का नाहीत, हे पुराव्यासकट लिहितो. पुरावा नसेल तिथे 'अनिश्चित' लिहून जागा रिकामी ठेवतो.

तुमचा विषय कुठलाही असो, वहीत प्रत्येक दुव्यासमोर दोन रकाने करा: 'हे का मानलं' आणि 'दुसरं काय असू शकलं असतं'. दुसरा रकाना रिकामा असेल, तर तुम्ही अजून शोधलेलं नाही, फक्त जुळवलंय.