वायरीत काय ठेवलंय?

सहा हजारांची केबल की साठ रुपये मीटरची वायर? घरच्या स्टिरिओला नक्की काय लागतं, ते मला कळलं पारोळ्यात, एका पेन्सिल सेलमुळे!

"बेटा, तुझ्या आजीचा आवाज गेला गं!"

मामांचा पारोळ्याहून फोन आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. आजीला जाऊन तर सहा वर्षं झाली. मग ट्यूब पेटली, मामा कॅसेटबद्दल बोलत होते. आजीने म्हटलेल्या अहिराणी ओव्या त्यांनी कधीकाळी साध्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवल्या होत्या. आजीचा आवाज म्हणून घरात तेवढी एकच कॅसेट आहे. घराला रंग दिला, स्पीकर काढून पुन्हा लावले, आणि तेव्हापासून आवाज पोकळ येत होता. "कॅसेट मेली," मामांनी निकाल देऊन टाकला.

मी पुण्यात एका चकाचक शोरूममध्ये गेले. एसी, सोफा, मंद दिवे. सेल्समन गोड हसला. "मॅडम, जुनी सिस्टिम ना? केबल बदला, आवाज एकदम खुलेल." कॅसेट, डेक, अँप्लिफायर यातलं काहीही न बघता त्याने हे निदान केलं होतं. मीही भावनेच्या भरात सहा हजार दोनशे रुपये मोजले. फ्रीलान्सरचा चेक कधी येतो हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ही रक्कम किती मोठी ते कळेल. पण आजीच्या आवाजापुढे सहा हजार काय चीज आहे, असं स्वतःला समजावत मी धुळ्याहून जळगावकडे जाणारी एसटी पकडली.

सेलची कमाल

माझ्या मामेभावाचा मांडव-साउंडचा धंदा आहे. लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. माझं सोनेरी पाकीट बघून तो आधी हसला. मग म्हणाला, "ताई, ही पाकिटातच राहू दे. आधी बघू तर."

त्याने कॅसेट लावली. आवाज खरंच विचित्र येत होता. बाई गातेय, पण ती नेमकी कुठे आहे ते कळत नव्हतं, आणि खर्ज तर गायबच. त्याने सिस्टिम बंद केली, अँप्लिफायरच्या मागून वायरी सोडवल्या आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढून त्यांच्या टोकांना क्षणभर टेकवला. डाव्या स्पीकरचा पडदा टप्पकन बाहेर आला. उजव्याचा आत गेला!

"हे बघ. एकाची वायर उलटी."

फंडा सिंपल आहे. स्टिरिओचे दोन्ही स्पीकर एकाच वेळी हवा पुढे ढकलतात. एकाचं लाल-काळं उलटं जोडलं, की एक पुढे ढकलतो आणि दुसरा मागे ओढतो. खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. आजीची कॅसेट मोनो होती, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज. तो दोघांच्या बरोबर मधून यायला हवा, तर तो खोलीभर विरून जात होता. मामांनी जोडलेल्या वायरीच्या दोन्ही पदरांचा रंग सारखाच पांढरा. खूण नाही. मग गडबड होणारच!

भावाने टोकं बदलली. आजी पुन्हा मधोमध येऊन बसली. मामा काही वेळ बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "हाऊ मायना आवाज शे."

मग केबल बदलायची की नाही?

बदलली. पण माझी नाही. जुनी वायर फार बारीक, जेमतेम अर्ध्या स्क्वेअर एमएमची होती. उजव्या स्पीकरपर्यंत भिंतीकडेने आठ मीटर अंतर. जाऊन-येऊन सोळा मीटर तांबं. तेवढ्या लांबीचा रोध होतो सुमारे ०.६ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. वायरीचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत असावा, असा साधा ठोकताळा आहे. म्हणजे इथे ०.४ ओहमच्या आत. दीड स्क्वेअर एमएमची वायर घेतली की तोच रोध ०.२ वर येतो. विषय संपला!

आम्ही बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून सोळा मीटर वायर आणली, साठ रुपये मीटर. एकूण खर्च ९६० रुपये.

'पण महाग केबलचा आवाज वेगळा लागतोच की!' असं म्हणणारा एक तरी मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. त्याला हे सांगा. अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने १९८३ मध्ये चाचणी घेतली. महागडी केबल आणि टेबललँपला लावतात तसली जाड साधी वायर, यांवर वाजणारं संगीत ऐकणाऱ्यांना खात्रीने वेगळं ओळखता आलं नाही. फार बारीक वायरीचा फरक मात्र कळला. पुढे २००७ मध्ये जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची केबल साध्या चांगल्या केबलपेक्षा वेगळी ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले. ते बक्षीस कुणालाही मिळालं नाही.

थोडक्यात काय, पैसे जाडीला द्या, ब्रँडच्या कथेला नको. उरले तर ते स्पीकरवर घाला. तिथला फरक कान न ताणता ऐकू येतो.

खरेदीला जाताना

जाडी : आठ ओहमचा स्पीकर आणि दहा मीटरपर्यंत अंतर असेल तर दीड स्क्वेअर एमएम भरपूर झालं. स्पीकर चार ओहमचा असेल तर अडीच घ्या.

तांबंच घ्या : बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही मिळते. ती तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच वीज वाहते. एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघाली तर परत ठेवा. बाहेर चंदेरी पण आत लाल असेल तर ते कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, बिनधास्त घ्या.

वजन : दीड स्क्वेअर एमएमच्या दोन पदरी, दहा मीटर वायरीत नुसतं तांबंच सुमारे २७० ग्रॅम असतं. प्लास्टिकसकट अख्ख्या वेटोळ्याचं वजन तेवढंही भरलं नाही, तर समजून जा!

खूण : लाल-काळी किंवा एका पदरावर रेघ असलेलीच वायर घ्या. मामांची चूक तुम्ही करू नका.

जोडणी : आधी सिस्टिम बंद. सोललेल्या तारा घट्ट पिळा. एकही तार शेजारच्या टोकाला चिकटता कामा नये, नाहीतर अँप्लिफायर बसेल.

सेलची चाचणी : अँप्लिफायरकडची टोकं सोडवूनच करा. लाल खुणेच्या पदराला सेलचा प्लस, दुसऱ्याला मायनस, तोही क्षणभरच. पडदा बाहेर आला की जोडणी बरोबर.

त्या रात्री आम्ही आणखी एक काम केलं. डेक लॅपटॉपला जोडून आजीच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि घरातल्या सगळ्यांना पाठवल्या. आता कॅसेट खरंच मेली तरी आजी राहील.

आणि माझी केबल? 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ती अजून सोनेरी पाकिटातच आहे. मामा दर फोनला न चुकता विचारतात, "बेटा, ती सोन्याची वायर खपली का?"