छिन्न मज्जातंतूंची जोडणी व बोटांची संवेदना

रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांसाठी ओळखली जाते. कारखान्यात हातास इजा झाली असता अस्थी व स्नायुबंध यांकडे प्रथम लक्ष जाते. परंतु ज्या बोटास स्पर्श कळत नाही, ते हलत असूनही निम्मे निकामीच होय. तप्त नळीची वा सांडलेल्या आम्लाची सूचना ते देत नाही. नजर ढळताच त्यास नवी जखम होते.

प्रत्येक बोटाच्या तळहाताकडील अंगास दोन्ही कडांनी एकेक संवेदक मज्जातंतू जातो. तो तुटला म्हणजे छेदापुढील भागातील अक्षतंतू नष्ट होतात, हे ऑगस्टस वॉलर याने 1850 मध्ये दाखविले. त्यांच्या पोकळ आवरणनलिका मात्र काही काळ टिकतात. दोन्ही टोके ताण न देता समोरासमोर आणून, सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवणे हे शल्यवैद्याचे कार्य. मधले अंतर मोठे असल्यास, टोके ओढून शिवण्यापेक्षा पोटरीतील वा अग्रबाहूतील संवेदक तंतूचे कलम घालणे श्रेयस्कर ठरते.

तात्पर्य, शस्त्रक्रिया संवेदना परत आणीत नाही. ती वाट जोडून देते. त्या वाटेने अक्षतंतू दिवसास सुमारे 1 मिलिमीटर या गतीने वाढतात. बोटाच्या मुळापासून टोकापर्यंतचे 7 ते 8 सेंटिमीटर अंतर कापण्यास त्यांना सुमारे अडीच महिने लागतात. आरंभीचा विलंब निराळाच. शिवाय प्रत्येक तंतू आपल्या पूर्वस्थानी पोहोचतोच असे नाही. म्हणून बदललेल्या संकेतांचा अर्थ मेंदूस नव्याने शिकावा लागतो. त्यासाठी डोळे मिटून खडबडीत व गुळगुळीत वस्तू ओळखण्याचा अभ्यास देतात. बालकांत संवेदना पुष्कळ अंशी परतते. प्रौढांत ती पूर्ववत होणे विरळा.

या सर्वांचा पाया निदान होय. जखम बधिर केल्यावर तुटलेला तंतू व औषधाने सुन्न झालेला तंतू यांतील भेद स्पर्शपरीक्षेने कळत नाही. यास्तव सूक्ष्मशल्यक्रिया अन्यत्र व्हावयाची असली, तरी सुईपूर्वी बोटाच्या दोन्ही कडांचा स्पर्श तपासून नोंदविण्याचे दायित्व जखम प्रथम पाहणाऱ्या वैद्याचेच राहते.