खळ्याला भेग का जाते?

नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. नवापूर तालुक्यातल्याच चिंचपाड्याकडे ही तूर वाळत घालायला घरापुढे चार इंच काँक्रीटचं खळं केलं, की वर्षभरात त्याला भेगा जातात आणि दाणे नेमके भेगेत जाऊन बसतात. खापर फुटतं गवंड्यावर: सिमेंट खाल्लं! बहुतेकदा दोष सिमेंटच्या कमीपणात नसतो, जादा पाण्यात असतो.

काँक्रीट वाळताना, म्हणजे हे जादा पाणी उडून जाताना, आक्रसतं. हिशेबाला मीटरमागे ०.३ मिलिमीटर धरतात, म्हणजे दहा मीटरच्या खळ्यात तीन मिलिमीटर. खालचा मुरूम त्याला सरकू देत नाही, मग आतल्या आत ओढ बसते. दाब सोसण्यात काँक्रीट पैलवान, पण ओढ सोसायची ताकद जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे भेग जाणारच. ती कुठे जावी आणि किती उघडावी, एवढंच आपल्या हातात असतं.

कुठे, ते खाच ठरवते. चार इंच जाडीला आठ ते दहा फुटांवर, एक इंच खोल खाच पाडायची. कटरने पाडायची तर त्याच दिवशी, कडा तुटणार नाहीत इतकं काँक्रीट घट्ट होताच. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर भेग आपली जागा आधीच निवडून बसते.

किती उघडावी, ते आतली लोखंडी जाळी ठरवते, आणि इथेच घोळ होतो. छताचा स्लॅब मधे लवतो, ओढ खालून बसते, म्हणून तिथे लोखंड खाली. हाताला तीच सवय. जमिनीवरच्या खळ्यात मात्र वरचा थर आधी वाळतो आणि भेग वरून सुरू होते. जाळी वरून दीड-दोन इंचांवर हवी. सहा मिलिमीटरचे बार, दोन्ही बाजूंनी आठ-आठ इंचांवर, एवढं पुरतं. खाली जाळी उचलून धरणारे दोन इंची कव्हर ब्लॉक भरपूर लावायचे. एरवी घमेली घेऊन माणसं जाळीवरूनच चालतात, ती मुरमाला टेकते, आणि ‘नंतर उचलून घेऊ’ म्हटलेलं तसंच राहतं. तळाला बसलेली जाळी भेगेला काय धरणार? खाचेच्या रेषेवर जाळी तोडायची, नाहीतर तीच दोन्ही तुकडे आवळून ठेवते आणि भेग भलतीकडे फुटते.

पातळ काँक्रीटमध्ये अशी तार घालायची युक्ती वापरणाऱ्या पहिल्या काही जणांत जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी होता. १८६७ साली त्याने पेटंट घेतलं ते झाडांच्या कुंड्यांसाठी!

पिकाचा पैसा हातात येतो आणि खळ्याचं काम निघतं ऐन उन्हाळ्यात. वारा, ऊन, तापलेला मुरूम: पहिल्या काही तासांतच वर जाळीदार रेघा उठतात. अशा ओल्या काँक्रीटला लोखंडाचा उपयोग नाही. प्लास्टिकच्या बारीक धाग्यांचा थोडा होतो. त्याहून स्वस्त म्हणजे आदल्या संध्याकाळी मुरूम भिजवणं, काम भल्या पहाटे उरकणं आणि घोटाई होताच ओलं गोणपाट अंथरणं. राखमिश्रित सिमेंट असेल तर उन्हाळ्यात चौदा दिवस पाणी हवं.

काही आठवड्यांनी खाचेत वाकून बघा. तळाशी केसाएवढी रेघ दिसली तर भेग ठरल्या जागी गेली. वरून डांबर ओता आणि तूर पसरा.