जुन्या ट्रकचं मॅनिफोल्ड पॅकिंग सारखं का उडतं?
हिंगोली : हळद घेऊन वसमत-हिंगोलीच्या मोंढ्यात येणाऱ्या जुन्या ट्रकांचं हे दुखणं ठरलेलं. मॅनिफोल्डला नवं पॅकिंग टाकलं, तरी काही दिवसांत पुन्हा टिक-टिक आवाज अन् जोडावर काळी काजळी. दोष बहुतेकदा पॅकिंगचा नसतो. बिडाचं मॅनिफोल्ड तापून-थंड होऊन वाकतं. म्हणून ते उतरवून सरळ पट्टी लावून बघा. फट दिसली तर वर्कशॉपमध्ये फेसिंग करून घ्या. तुटलेले, ताणलेले स्टड बदला. नट मधून सुरू करून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. गाडी चालवून इंजिन थंड झालं, की पुन्हा तपासा. लिकेज असेल तर इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो.