एक सजीव भेट

श्रोतेहो, भेट म्हणून आलेली वस्तु घरांत कोठें ठेवावी, हें साधारणपणें आपल्या हातीं असतें. फुलदाणी कोनाड्यांत राहते, पुस्तक कपाटांत जातें. परंतु गेल्या मार्गशीर्षांत महाबळेश्वराकडील माझ्या एका बालमित्रानें मला जी भेट दिली, ती रोज सकाळीं घराबाहेर पडे व संध्याकाळीं आपण होऊन परत येई. ती भेट म्हणजे सातेरी जातीच्या मधमाश्यांनीं भरलेली एक लांकडी पेटी!

आग्या माशी कड्यावर अथवा उंच झाडावर उघडें पोळें लावते. फुलोरी झुडपांत इवलेंसें पोळें बांधते. या दोघी पेटींत नांदत नाहींत. सातेरी मात्र झाडाच्या ढोलींत, अंधारांत, एकाशेजारीं एक अशीं अनेक पोळीं बांधते. म्हणून पेटी तिला मानवते.

मित्र पेटी घेऊन रात्रीं आला, याचें मला नवल वाटलें. तो म्हणाला, "मास्तर, दिवसा उचलली असती तर निम्मी मंडळी रानांतच राहिली असती!" मुंग्या चढूं नयेत म्हणून त्यानें पेटीच्या चारहि पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवल्या. सकाळीं माश्या बाहेर पडल्या, त्या पेटीकडे तोंड करून घिरट्या घालूं लागल्या. नव्या घराची खूण त्या ध्यानांत ठेवीत होत्या.

कामाच्या हंगामांत कामकरी माशीचें आयुष्य अवघें सहा आठवड्यांचें असतें. त्यांतील पहिले सुमारें तीन आठवडे पिलांना भरविणें, पोळें बांधणें, दारावर पहारा करणें यांत जातात, उरलेले फुलांवर. फुलांचा पत्ता लागलेली माशी पोळ्यावर नाचून दिशा व अंतर इतरांना कळविते. ही भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांस १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा हिशेब मांडला, तर मित्रानें आणलेल्या माश्यांपैकीं राणीखेरीज बहुतेक सर्व दोन महिन्यांत गेल्या असतील; तरी कुटुंब तेंच होतें.

माघांत शेजारच्या आंब्याला मोहर आला, आणि एके दिवशीं पेटीपुढें मेलेल्या माश्यांचा सडा पडला. तुडतुड्यांसाठीं शेजाऱ्यांनीं सकाळींच मोहरावर औषध फवारलें होतें. त्यांना दोष द्यावयास मी निघालों, पण जिन्यांतच थबकलों. मीं पेटी आणल्याचें त्यांना सांगितलें होतें कोठें? माझ्या माश्या महिना दीड महिना त्यांच्या अंगणांत वावरत होत्या, आणि मी मात्र ती भेट माझ्या गच्चीपुरती समजत होतों.

मीं क्षमा मागितली. फुलें उमललीं असतांना फवारा टाळावा, आणि निकडच असेल तर माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर मारावा, असें ठरलें. त्यांनींहि आपल्या नातवाविषयींची धास्ती बोलून दाखविली. सातेरी उगाच डंख मारीत नाहीं; पण पेटीच्या दारापुढें उभें राहूं नये, आणि एखाद्याच्या प्रकृतीस माशीचा डंख अजिबात सोसत नसेल, तर त्याच्या जिवासहि धोका असतो. हें आधींच विचारणें माझें काम होतें.

आतां उन्हाळा आहे. फुलें विरळ झालीं, ताप वाढला, कीं सातेरी सारें कुटुंब घेऊन पेटी सोडून जाऊं शकते. मी साखरेचें पाणी ठेवतों, पेटीवर ओलें पोतें घालतों. शेजाऱ्यांचा नातू रोज खालून विचारतो, "गुरुजी, आहेत ना?" अद्याप आहेत.

श्रोतेहो, तुम्हांसहि कोणीं अशी भेट देऊं केली, तर गच्चीचा कोपरा शोधण्यापूर्वीं शेजाऱ्यांचें दार ठोठवा. ती भेट त्यांच्याहि अंगणांत उतरणार असते.